रिकाम्या खाटेची किंमत

२०१५ सालच्या मे महिन्याच्या अखेरीस दक्षिण कोरियातील सेऊल येथे, सॅमसंग मेडिकल सेंटर या नामांकित रुग्णालयाच्या तातडीच्या उपचार विभागात पस्तीस वर्षांचा एक रुग्ण आला. त्याला ‘मर्स’ची बाधा झालेली होती, पण ते कोणास ठाऊक नव्हते. २७ ते २९ मे या तीन दिवसांत त्याच्यापासून त्या विभागात ८२ जणांना लागण झाली. त्यांत ३३ रुग्ण होते, ८ कर्मचारी होते आणि ४१ जण नातेवाईक वा भेटीस आलेले होते.

हा शेवटचा आकडा विचार करावयास लावणारा आहे. कोरियात रुग्णाची शुश्रूषा घरच्या माणसांनी करावयाची, असा रिवाज आहे. आपल्या वाचकास तो परका वाटू नये.

त्या रुग्णाने आधी ज्या दुसऱ्या रुग्णालयात उपचार घेतले होते, तेथे साथीचा पहिला रुग्ण होता. परंतु ही माहिती सेऊलच्या डॉक्टरांपर्यंत पोचली नव्हती. बाधित रुग्णालयांची नावे सरकारने ७ जूनपर्यंत जाहीरच केली नाहीत. साथ आटोक्यात येईपर्यंत १८६ जणांना लागण झाली व ३८ दगावले. बाजारपेठा ओस पडल्या आणि ११ जूनला तेथील मध्यवर्ती बँकेने व्याजदर दीड टक्क्यावर आणला. एका दालनातील दोन खाटांमधल्या अंतराचा संबंध देशाच्या व्याजदरापर्यंत पोचतो तो असा.

कारखान्याच्या धुराचा खर्च मालकाच्या वहीत न पडता शेजाऱ्यांच्या फुप्फुसांत पडतो, हे उदाहरण अर्थशास्त्राच्या प्रथम वर्षात आम्ही शिकवतो. रुग्णालयातील संसर्गाचे अर्थकारण हेच. वेगळी खोली आणि खेळती हवा यांचा खर्च रुग्णालयाच्या खाती पडतो. त्यापासून वाचलेल्या माणसाचे नाव मात्र कोणत्याच खाती येत नाही. मग ती खोली बांधली जात नाही आणि बांधली तर तिच्यात जुन्या खुर्च्या ठेवल्या जातात.

आपल्याकडे २०१८ साली केरळात कोझिकोड येथे निपाची जी साथ आली, तिच्यात पहिल्या रुग्णानंतरची जवळजवळ सारी लागण रुग्णालयांच्या आवारातच झाली. सीटी स्कॅनसाठी वाट पाहणाऱ्या लोकांना ती झाली. तालुका रुग्णालयातील परिचारिका लिनी पुथुसेरी यांचा तिच्यात अंत झाला. निपा क्वचित येतो, हे खरे. क्षय मात्र आपल्या अपघात विभागांत रोज येतो. खोकणारा वृद्ध, तापाने फणफणलेले मूल आणि नुकताच हाड मोडलेला मजूर एकाच बाकावर बसलेले असतात.

यावर ‘नातेवाइकांची गर्दी हटवा’ असा सोपा उपाय सुचविला जातो. मला तो पुरता पटत नाही. हा नातेवाईक तेथे काय करतो ते पाहावे. केसपेपर तो काढतो, स्ट्रेचर तो ढकलतो, रक्ताची बाटली आणि बाहेरची औषधे तोच आणतो. वॉर्डबॉयच्या रिकाम्या जागेवर तो बिनपगारी काम करीत असतो. त्याला बाहेर काढावयाचे तर आधी ती जागा भरली पाहिजे. वाचविलेल्या त्या पगाराची किंमत कोठेतरी दुसऱ्याच घरी संसर्गाच्या रूपाने चुकती होत असते.

दारातच ताप-खोकल्याची चौकशी करणे, याआधी कोणत्या रुग्णालयात होता हे विचारणे, तोंडाला मास्क देऊन अशा रुग्णास उघड्या खिडकीजवळ निराळे बसविणे, यांस यंत्रसामग्री लागत नाही. लागतो तो रात्री दोन वाजताही दारात उभा असणारा एक प्रशिक्षित माणूस.

कोरियाने पुढे आरोग्य विम्यातून संसर्ग-प्रतिबंधासाठी रुग्णालयांना स्वतंत्र शुल्क देण्यास सुरुवात केली आणि तातडीच्या विभागातील नातेवाइकांच्या संख्येवर कायद्याने मर्यादा घातली. आपल्या महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत दर ठरतात ते उपचारांचे. संशयित रुग्णासाठी राखून ठेवलेली रिकामी खाट हा काही उपचार नव्हे. तेव्हा तिचे बिल लावायचे कोणाला? अग्निशमन दलाचा बंब दिवसभर उभा राहिला म्हणून त्यावरील खर्च वाया गेला, असे कोणी लेखापाल लिहीत नाही. येत्या अंदाजपत्रकात जिल्हा रुग्णालयांच्या अपघात विभागांसाठी अशा खाटेचे आणि दारातल्या त्या माणसाचे स्वतंत्र लेखाशीर्ष असावे, एवढीच मागणी आहे.