गावचं पोस्ट बंद झालं तर मोबाइल पुरेल का?

मी पुण्यात, आजी माकुणसारला. मागे तिला स्पीड पोस्टने चष्मा पाठवला. ओटीपी डिलिव्हरी निवडली आणि नंबर टाकला माझाच! पोस्टमन तिच्या दारात, ओटीपी माझ्या फोनवर आणि मी मीटिंगमध्ये. चूक माझीच. पण ‘आता सगळं मोबाइलवर होतं, खेड्यात पोस्ट कशाला?’ असं कुणी म्हटलं की हा प्रसंग आठवतो.

काय बदललं?

२०२५ मध्ये रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं. आता दोन जादा सुविधा मिळतात, प्रत्येकी ५ रुपये अधिक जीएसटी:

- रजिस्ट्रेशन: टपाल त्याच व्यक्तीला किंवा तिने नेमलेल्या माणसालाच मिळतं.
- ओटीपी डिलिव्हरी: ओटीपी जुळला तरच टपाल हातात.

पोस्ट म्हणजे फक्त पत्रं नाहीत

आजीकडे स्मार्टफोन नाही. तरी ती डिजिटल व्यवहार करते! इंडिया पोस्ट पेमेंट्स बँक २०१८ मध्ये सुरू झाली. खातं कुठल्याही बँकेत असो, आधारला जोडलेलं असलं की डाकसेवकाच्या मशीनवर अंगठा लावून पैसे काढता येतात. कार्ड नको, पिन नको, स्वतःचा फोनही नको. थोडक्यात, आजीसाठी पोस्ट हेच तिचं ‘अॅप’. ते बंद झालं तर तिचं डिजिटल इंडियाही बंद.

तोट्याचं काय?

नवं शाखा डाकघर उघडताना अपेक्षित उत्पन्न खर्चाच्या एक तृतीयांश असलं तरी चालतं, डोंगराळ भागात तर १५ टक्के. म्हणजे तोटा आधीच धरलेला आहे. त्यामुळे ‘परवडत नाही’ एवढंच कारण मला पटत नाही.

डेन्मार्कमध्ये ३० डिसेंबर २०२५ ला पोस्टनॉर्डने शेवटची पत्रं वाटली. पण तिथे सरकारी पत्रं बहुतेकांना आधीपासूनच डिजिटल पेटीत येतात. आपल्याकडे कित्येक घरांत एकच फोन, तोही कामावर गेलेल्या माणसाच्या खिशात. म्हणून कुठलंही पोस्ट हलवण्याआधी एकच टेस्ट घ्यावी: हेच काम फोनशिवाय होतंय का?

तुम्ही काय कराल?

- ज्याला टपाल जातंय त्याचाच नंबर द्या.
- त्याच्याकडे फोन नसेल तर ओटीपीऐवजी रजिस्ट्रेशन घ्या.
- आजी-आजोबांचं खातं आधारला जोडलंय का, सुट्टीत गावी गेलात की बघून या.

आणि हो, चष्मा मिळाला. मीटिंग सोडून ओटीपी सांगितला!