कॉफीची पुडी घेताना



दिवाळीत आमच्या घरी कॉफीवरून एक लहानसा तंटा झाला. त्यातून मी जे शिकलो ते आज आपणांस सांगतो.

माझा पुतण्या मुंबईस साकीनाक्याला असतो. खैरानी रोडवरच्या एका गाळ्यात तो लेथवर काम करतो. दिवाळीला येताना त्याने जादा पाळीच्या पैशांतून आईला साडी आणली आणि सोबत अर्धा किलो कॉफीची पुडी. भाऊबीजेच्या दिवशी व्याही आले. वहिनींनी आपल्या नेहमीच्या रीतीने दुधात साखर-जायफळ घातले, वर दोन चमचे कॉफी टाकली, उकळी आणली आणि कप भरले. पहिल्याच घोटाला व्याह्यांच्या मिशांना गाळ लागला. कपाच्या तळाशी बोटभर चोथा. वहिनी रागावून म्हणाल्या, "पोराला कुणीतरी ठकवलं. ही कॉफी नव्हे, चिंचोक्याची भुकटी आहे!" पोराचा चेहरा उतरला.

सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी शेतीचा पदवीधर, शिवाय विस्तार अधिकारी. पण नाशिक जिल्ह्यात माझी उभी नोकरी कांदा, द्राक्षे आणि मका यांत गेली. कॉफीचा धडा महाविद्यालयात वाचला तेवढाच. मी म्हणालो, "पुडीत थोडी राखून ठेवा. मुंबईस जाईन तेव्हा शहानिशा करू."

पुढच्याच महिन्यात तो योग आला. कल्याणला गाडी बदलून लोकलने घाटकोपर गाठले आणि तेथून मेट्रोने तिसरे स्टेशन साकीनाका. पुतण्याची खोली चाळीत आहे. शेजारी एक वृद्ध तमिळ बाई राहतात. सारी चाळ त्यांना अम्मा म्हणते. चाळीस वर्षे मुंबईत राहिल्याने त्यांचे मराठी आपल्यासारखेच. मी पुडी त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी चिमूट नाकाशी धरली आणि हसून म्हणाल्या, "भाऊ, यात अर्धी चूक तुमच्या घरची आणि अर्धी या पुडीची."

घरची चूक

कॉफीची भुकटी दोन जातींची असते, हे आपल्याकडे पुष्कळांना ठाऊक नाही. एक झटपट कॉफी. ती कारखान्यात कॉफीचा अर्क काढून, तो वाळवून केलेली असते. गरम पाण्यात वा दुधात ती पूर्ण विरघळते. दुसरी फिल्टर कॉफी. ती म्हणजे भाजून दळलेले कॉफीचे बी, दुसरे काही नाही. ती विरघळत नाही, तिचा अर्क काढून चोथा टाकून द्यायचा असतो. पुतण्याने आणली होती फिल्टरची, आणि वहिनींनी केली झटपटची. गाळ राहणारच! तेव्हा गाळ दिसला म्हणजे माल खोटा, असे समजू नये.

पुडीची चूक

अम्मांनी काचेचा पेला थंड पाण्याने भरला आणि पाण्यावर हलक्या हाताने चिमूटभर भुकटी भुरभुरली. थोडी वर तरंगत राहिली. बाकीची काही क्षणांतच खाली जाऊ लागली आणि जाताना पाण्यात तपकिरी रंगाच्या रेघा सोडत गेली. मग त्यांनी आपल्या डब्यातली कॉफी दुसऱ्या पेल्यात टाकली. ती बराच वेळ वर तरंगली आणि पाणी जवळपास स्वच्छ राहिले. तरंगते ती कॉफी, आणि रंग सोडीत लगेच बुडते ती चिकोरी.

चिकोरी म्हणजे काय? मुळ्यासारखे मूळ असलेले हे एक पीक आहे. गुजरातेत जामनगर व आणंद-खेडा भागांत आपल्यासारखेच शेतकरी ते घेतात. मूळ कापून, वाळवून, भाजून दळतात. तिला गडद रंग येतो, कॉफीला दाटपणा येतो, अर्क सावकाश उतरतो. विष नव्हे, भेसळही नव्हे. दक्षिणेत पुष्कळ लोक आवडीने थोडी चिकोरी घालतात. पण कॉफीहून ती बरीच स्वस्त असते, म्हणून प्रश्न येतो प्रमाणाचा.

कायद्याप्रमाणे कॉफी-चिकोरीच्या मिश्रणात कॉफी निदान ५१ टक्के हवी, आणि दोहोंचे प्रमाण वेष्टनावर छापलेले हवे. आम्ही पुडी उलटसुलट करून पाहिली. मागच्या बाजूस बारीक अक्षरांत लिहिले होते : कॉफी ५३ टक्के, चिकोरी ४७ टक्के. म्हणजे अर्धा किलोच्या पुडीत कॉफी होती २६५ ग्रॅम आणि चिकोरी २३५ ग्रॅम. पुढच्या बाजूस मात्र ठळक अक्षरांत नुसते 'कॉफी' आणि बियांचे चित्र. दुकानदाराने कायदा मोडला नव्हता. पुतण्याने बारीक अक्षरे वाचली नव्हती, एवढेच. जादा पाळीच्या पैशांचा जवळजवळ अर्धा भाग मुळाच्या भुकटीवर गेला.

बी कसे पारखावे

दुसऱ्या दिवशी रविवार. पुतण्याला घेऊन मी माटुंग्यास गेलो. घाटकोपरहून धीम्या लोकलने चौथे स्टेशन. तेथे दाक्षिणात्य वस्ती जुनी, आणि समोर भाजून-दळून कॉफी देणारी दुकानेही जुनी. तेथे व घरी आल्यावर अम्मांकडून जे समजले ते असे :

कॉफीच्या मुख्य जाती दोन. अरेबिका ही उंच डोंगरावरची. तिला सुवास अधिक, कडूपणा कमी. रोबस्टा ही सखल भागातली, कणखर झाडाची. ती दाट व कडवट, आणि तिच्यात कॅफीन अरेबिकाच्या जवळजवळ दुप्पट. दूध घालून पिणाऱ्यांनी दोहोंचे मिश्रण घेतल्यास चव दुधात हरवत नाही. आपल्या देशातील बहुतेक कॉफी कर्नाटकातील चिकमगळूर, कोडगू व हासन या जिल्ह्यांत होते. त्याखालोखाल केरळ व तमिळनाडू.

दुकानात 'प्लँटेशन' व 'चेरी' असे शब्द कानी येतात. प्लँटेशन म्हणजे फळाचा गर काढून, धुऊन वाळवलेली अरेबिका. तशाच रीतीने केलेल्या रोबस्टाला पार्चमेंट म्हणतात. चेरी म्हणजे अख्खे फळ सालीसकट उन्हात वाळवून मग काढलेले बी. धुतलेल्या मालाची चव स्वच्छ, तर चेरीची जड. 'पीबेरी' म्हणजे ज्या फळात दोन चपट्या बियांऐवजी एकच गोल बी भरते ती. ए, बी हे दर्जे मुख्यतः बियांच्या आकाराचे आहेत, चवीचे नव्हेत, हे ध्यानात ठेवावे.

घेताना बी हातात घेऊन पाहावे. रंग सारखा हवा. फुटके, किडीने भोक पाडलेले किंवा काळे जळके बी फार नसावे. फार काळे भाजून तेलकट झालेले बी लवकर खवट होते, म्हणून मध्यम भाजलेले घ्यावे. भाजणीत वजन साधारण सहाव्या-सातव्या हिश्शाने घटते. कच्च्या व भाजलेल्या बियांच्या भावातला फरक पाहताना तेही हिशेबात धरावे.

चिकोरी हवी असेल तर आपल्यासमोर मोजून घालून घ्यावी. कॉफी ८० आणि चिकोरी २० हे प्रमाण पुष्कळांना मानवते. दळलेल्या कॉफीचा वास दोन आठवड्यांत उडतो. म्हणून अर्धा किलो कधी घेऊ नये. १०० ग्रॅम ताजी घ्यावी आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी. हिंग, मसाला, कांदा यांच्याजवळ तो डबा नसावा. कॉफी परका वास पटकन ओढून घेते.

करावी कशी

फिल्टर म्हणजे एकावर एक बसणारी दोन भांडी. वरच्याच्या बुडाला बारीक छिद्रे असतात. चार कपांसाठी वरच्या भांड्यात तीन मोठे चमचे भुकटी घालावी आणि जाळीच्या चकतीने हलकेच दाबावी, ठासू नये. पाणी उकळले की खाली उतरवून अर्धा मिनिट थांबावे, मग सुमारे एक कप पाणी सावकाश ओतावे आणि झाकण ठेवावे. पंधरा-वीस मिनिटांत अर्क खाली उतरतो. एक भाग अर्कास दोन ते तीन भाग गरम दूध घालावे. अर्क पुन्हा उकळू नये. उकळल्यास सुवास जातो आणि कडूपणा उरतो.

फिल्टर नसेल तरी अडत नाही. पातेल्यात दोन कप पाणी उकळून खाली उतरवा. त्यात तीन चमचे भुकटी टाकून एकदा ढवळा आणि पाच मिनिटे झाकून ठेवा. मग ओल्या सुती फडक्यातून गाळून घ्या. हा अर्क फिल्टरच्या मानाने पातळ असतो, म्हणून दूध त्याच्याइतकेच घाला. आपल्या गोठ्यातले ताजे दूध असेल तर शहरातल्या हॉटेलाला लाजवील अशी कॉफी होते. जायफळ आवडत असेल तर ते शेवटी किसून घालावे.

आमच्या माता-भगिनींना एक खास सूचना. जेवणासोबत वा लगेच नंतर कॉफी-चहा घेतल्यास अन्नातले लोह अंगी लागत नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२४ च्या आहारविषयक सूचनांत जेवणाआधी व नंतर निदान एक तास हे पेय टाळावे, असे सांगितले आहे. फिल्टर कॉफीच्या एका कपात ८० ते १२० मिलिग्रॅम कॅफीन असते आणि दिवसाची मर्यादा ३०० मिलिग्रॅमची. दिवसाकाठी दोन कप पुरे. गर्भवतीने आणखी कमी, आणि डॉक्टरांना विचारून.

कॉफी लावावी काय?

हा प्रश्न येणार हे मला ठाऊक आहे, म्हणून आधीच उत्तर देतो. आपल्या राज्यात अमरावती जिल्ह्यातील चिखलदऱ्यास, समुद्रसपाटीपासून हजार मीटरांहून उंच जागी, कॉफीची झाडे आहेत. पण या झाडाला उंची, मोठ्या झाडांची सावली आणि मार्च-एप्रिलमध्ये फुलोऱ्यासाठी पावसाची सर लागते. फळ धरायला तीन-चार वर्षे जातात. आपल्या मैदानी मुलखात कुणी रोपे विकावयास आला आणि मोठ्या नफ्याचे आकडे सांगू लागला, तर आधी कृषी खात्याकडे वा विद्यापीठाकडे चौकशी करावी. मगच पैसे मोजावेत.

पुतण्याने माटुंग्याहून १०० ग्रॅम कॉफी आणि एक छोटा फिल्टर घेतला. परत येताना गाडीत तो म्हणाला, "काका, तो दुकानदार लबाडच म्हणायचा. वर कॉफी दाखवली, आत मूळ भरलं."

मी जरा गप्प राहिलो. मग त्याला विचारले, "गेल्या साली आपण कांदा बाजार समितीत नेला, तेव्हा ट्रॉलीत वर कोणता होता आणि तळाशी कोणता?" तो खिडकीबाहेर पाहू लागला. तळाशी गोल्टी होती. ती त्यानेच माझ्या डोळ्यांदेखत भरली होती आणि मीही त्याला अडवले नव्हते. त्या पुडीवर निदान बारीक अक्षरांत खरे लिहिले होते. आपल्या ट्रॉलीवर तेवढेही नसते.

गिऱ्हाईक म्हणून आपण जे मागतो, ते विकताना आपणही द्यावे. कॉफीचा बागायतदार लाल पिकलेले फळ तेवढेच खुडतो, बी सुमारे ११ टक्के ओलाव्यावर येईतो वाळवतो, आकाराप्रमाणे चाळतो, आणि मगच त्याच्या मालाला नाव मिळते. कांद्याचीही प्रतवारी करावी. गोल्टी वेगळी काढून गोल्टी म्हणूनच विकावी. भाव कमी येईल, पण पुढच्या खेपेस आपली ट्रॉली पाहून व्यापारी वरचा माल उकरून पाहणार नाही.

वहिनींना नवा फिल्टर पोचला आहे. संक्रांतीला व्याह्यांना पुन्हा बोलावणे गेले आहे.