शुक्रवारचे दीड तास

“दर रविवारी तीच तर गाणी म्हणता, मग शुक्रवारी तालीम कशाची?” ऑफिसातून साडेसहाला निघताना हा प्रश्न मला बऱ्याचदा ऐकावा लागतो. विचारणारे बहुतेक भजनी मंडळाच्या घरातले असतात. त्यांच्याकडे तालमीला जोर चढतो तो स्पर्धा जवळ आली की. आमच्याकडे स्पर्धा नाही, परीक्षक नाहीत, बक्षीसही नाही. तरीही जवळजवळ प्रत्येक शुक्रवारी चर्चच्या मागच्या खोलीत आम्ही बारा-चौदा जण दीड तास बसतो. या वेळच्या लेखात त्या दीड तासाबद्दल लिहितो. गाणाऱ्या कुठल्याही मंडळाला, मग ते चर्चचं असो वा देवळाचं, यातलं थोडंफार उपयोगी पडेल.

आमचं कुटुंब मूळ वसईचं, त्यामुळे घरातली प्रार्थना मराठीत. गोव्यात आल्यावर रविवारची मिस्सा कोंकणीत सुरू झाली. मी टेनरमध्ये गातो आणि गेली काही वर्षं तालमीची आखणी माझ्याकडे आहे.

आधी ‘तीच गाणी’बद्दल. मिस्सेतले काही भाग ठरलेले असतात: दयेची याचना, गौरवगीत, ‘पवित्र, पवित्र’, देवाच्या कोकराची प्रार्थना. पण प्रवेशगीत, अर्पणगीत आणि ख्रिस्तप्रसादाच्या वेळचं गीत दर आठवड्याला निवडावं लागतं. पहिल्या वाचनानंतरचं प्रतिसाद स्तोत्र तर रविवारगणिक बदलतं. रविवारच्या वाचनांचं चक्र तीन वर्षांचं असतं, म्हणजे आज गायलेलं स्तोत्र त्याच रविवारी पुन्हा यायला तीन वर्षं लागतात. आगमनकाळात आणि उपवासकाळात रविवारचं गौरवगीत गळतं. उपवासकाळात ‘आलेलुया’ही म्हणत नाहीत. हे सगळं आधीपासून ठरलेलं असल्यामुळे वर्षभराची आखणी एका बैठकीत करता येते. तीन वर्षांपूर्वीची कागदपत्रं जपून ठेवली असतील, तर निम्मं काम झालेलंच असतं.

कॉयर नेमका कुणासाठी गातो, हेही सांगायला हवं. पूर्वी मिस्सा लॅटिनमध्ये असे. मोठ्या सणांना कॉयर गाई आणि लोक ऐकत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयीचा दस्तऐवज प्रसिद्ध केला. त्याने लोकभाषांना वाट मोकळी करून दिली आणि उपासनेत सगळ्या भाविकांनी सक्रिय भाग घ्यावा यावर भर दिला. कॉयरचं महत्त्व कमी झालं नाही, पण त्याचं काम बदललं. आता स्वतः चांगलं गाणं पुरत नाही, बाकावर बसलेल्यांना गाता येईल असं गावं लागतं. आमच्या तालमीच्या बहुतेक सवयी या एका गोष्टीतून आल्या आहेत.

गोव्याला ही शिस्त नवी नाही. इथल्या चर्चच्या शाळांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या मुलांना स्वरलिपी वाचायला, ‘दो रे मी’च्या सोल्फेजमध्ये गायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवलं गेलं. मुंबईच्या सिनेसंगीतात ज्यांनी पाश्चात्त्य वाद्यमेळ रुजवला, त्यांतले अनेक वादक आणि संयोजक याच वाटेने आले. प्यारेलाल यांचे व्हायोलिनचे गुरू अँथनी गोन्साल्विस हे माजोर्ड्याचे, आणि त्यांचे वडील तिथल्या चर्चचे गायकप्रमुख होते. आमच्या कॉयरमध्ये आज स्वरलिपी वाचता येणारे दोघं-तिघंच आहेत. म्हणून पूर्वी शाळेत होणारं काम आता तालमीच्या आखणीतून करावं लागतं.

पहिली सवय घरची. आपली ओळ शिकायला तालमीला यायचं नाही. ती शिकून यायचं. सोमवारी रात्रीपर्यंत सोप्रानो, आल्टो, टेनर आणि बास या चारही आवाजांची वेगवेगळी ध्वनिमुद्रणं ग्रुपवर जातात. साधी फोनवर केलेली, कीबोर्डचा एक-एक सूर ऐकवणारी. प्रत्येकाने दिवसातून दहा मिनिटं ऐकावं, स्कूटरवर नाही, कागद हातात घेऊन. मग शुक्रवारी चौघांनी एकमेकांना ऐकायला वेळ उरतो, आणि ते घरी एकट्याने करता येत नाही. याला जोडून आणखी एक नियम: शब्दांचा कागद एकच, त्याच्या कोपऱ्यात तारीख. दुसऱ्या कडव्याचे दोन वेगळे पाठ घेऊन दोन माणसं शेजारी उभी राहिली, की काय होतं ते गाऊनच कळतं.

दुसरी सवय पहिल्या दहा मिनिटांची. दिवसभर खुर्चीत बसलेली माणसं थेट वरच्या सुरावर गेली तर गळा ताणतो. आधी मान आणि खांदे सैल करायचे. मग पोटापर्यंत श्वास घेऊन ‘स्स्स’ करत तो सावकाश सोडायचा. मग ओठ मिटून गुणगुणायचं, मधल्या सुरांपासून सुरुवात करून हळूहळू वर-खाली जायचं. उशिरा येणाऱ्यांना वाटतं, काही चुकलं नाही. वासराची सुरुवात हुकलेल्या संघाने धावा काढाव्यात तसं त्यांचं होतं: सगळी तालीम ते थंड गळ्यानेच गातात.

तिसरी, आधी शब्द, मग सूर. नवं गीत आम्ही प्रथम तालात नुसतं वाचतो. गोव्यातल्या चर्चमधली कोंकणी बहुधा रोमी लिपीत छापलेली असते. त्यात ‘एक्स’ हे अक्षर ‘श’ असं वाचायचं, हे नव्या मुलाला कुणीतरी सांगावं लागतं. अनुनासिक स्वर कुठे आहेत, शब्द कुठे तुटतो, कुठल्या अक्षरावर जोर आहे, हे वाचतानाच ठरतं. बारा जणांनी शेवटचं व्यंजन बारा वेगळ्या क्षणी म्हटलं, तर मागच्या बाकापर्यंत फक्त फुसफुस पोचते.

चौथी, शेवटाकडून सुरुवात. प्रत्येक तालमीत गीत पहिल्या ओळीपासून घेतलं, तर पहिली ओळ चाळीस वेळा गायली जाते आणि शेवटची चार वेळा. मग रविवारी जसजसं पुढे जावं तसतसा आवाज बुजतो. आम्ही शेवटच्या चार मात्रा आधी बसवतो, मग त्याआधीच्या चार. गाताना माणूस ओळखीच्या जागेकडे जात राहतो, त्यामुळे धीर वाढतो. थांबवायचं असेल तर कारण सांगून थांबवायचं. ‘परत एकदा’ एवढंच म्हटलं, तर तीच चूक परत एकदा होते.

पाचवी, श्वासाच्या खुणा. लांब ओळीत सगळ्यांनी एकाच जागी श्वास घेतला तर गाण्याला भोक पडतं. शेजारच्या दोघांनी वेगवेगळ्या शब्दांवर श्वास घ्यावा, आणि तो कुठे ते कागदावर लिहून ठेवावं.

सहावी, वाद्याविना गाणं. साथीला कीबोर्ड असला की उतरलेला सूर झाकला जातो. म्हणून प्रत्येक तालमीत एक गीत आम्ही वाद्य बंद करून गातो आणि शेवटी एकच सूर वाजवून बघतो, किती खाली आलो. कारण बहुधा श्वास संपणं किंवा मान खाली घालून वाचणं हे असतं. पवित्र गुरुवारच्या गौरवगीतानंतर पास्काच्या रात्रीच्या गौरवगीतापर्यंत वाद्यं फक्त गायनाला आधार देण्यापुरतीच वाजवायची असतात. त्या तीन दिवसांची तयारी त्या आठवड्यात होत नाही, वर्षभर व्हावी लागते.

सातवी लोकांच्या पट्टीची. सोप्रानोंना शोभणारा वरचा सूर बाकावरच्या आजोबांना झेपत नाही आणि मग ते गप्प बसतात. लोकांनी म्हणायचं गीत आम्ही जेमतेम एका सप्तकात बसेल असं घेतो. सकाळी सातच्या मिस्सेला आवाज जड असतो, तेव्हा तेच गीत एक सूर खाली. कीबोर्डवर पट्टी बदलायची कळ असतेच. प्रतिसाद स्तोत्राचं पालुपद तर लोक एकदा ऐकतात आणि लगेच म्हणतात. पहिल्यांदा गाताना त्यात हरकत घेतली, की लोक कशाच्या मागे जाणार?

आठवी सवय माझ्या आवडीची, कारण तिच्यात थोडं गणित आहे. आमची गायकांची जागा वर, मुख्य दाराच्या माथ्यावरच्या सज्ज्यात आहे. पुढच्या बाकापर्यंतचं अंतर तीस मीटर धरलं, तर आवाजाला तिथे पोचायला साधारण नव्वद मिलिसेकंद लागतात. पुढचे लोक आमचं ऐकून गातात, त्यांचा आवाज परत यायला आणखी नव्वद. म्हणजे ते आमच्या मागेच ऐकू येणार. त्यांच्यासाठी आम्ही थांबलो की ते आणखी मागे पडतात, आणि तिसऱ्या कडव्यापर्यंत सगळं चर्च रांगायला लागतं. उपाय एकच: कानावर विसंबायचं नाही, हाताकडे बघायचं. म्हणून महिन्यातून एकदा तरी तालीम खोलीत न करता सज्ज्यात, उभं राहून करायची. कोण सुरू करणार, पहिला सूर कोण देणार, पानं कधी उलटायची, दोन गीतांमध्ये किती शांतता ठेवायची, हेही तिथेच ठरतं.

एवढा खटाटोप नाताळच्या मध्यरात्रीसाठी किंवा फेस्तासाठी आहे असं वाटेल. त्या दिवशी सगळे हजर असतात, सगळ्यांनी इस्त्रीचे कपडे घातलेले असतात, लोकही उत्साहात गातात. तेव्हा थोडं कमी-जास्त खपून जातं. कॉयरची खरी परीक्षा होते ती आठवड्याच्या मधल्या दिवशी, दुपारी चार वाजता, अंत्यविधीच्या मिस्सेला. निरोप आदल्या रात्री येतो. नोकरदारांना सुटी मिळत नाही, कॉलेजची मुलं वर्गात असतात, कुणी बोटीवर, कुणी आखातात.

गेल्या पावसाळ्यात असाच निरोप आला. आमच्या भागातले एक काका गेले होते. आम्ही सहा जण जमलो. नेहमी सुरुवात करणाऱ्या सोप्रानो आंटी मुलीकडे बेंगळुरूला होत्या, कीबोर्ड वाजवणाराही गावाबाहेर होता. पाऊस इतका की कौलांच्या आवाजापुढे बोलणं ऐकू येत नव्हतं. मुख्य चाल आल्टोतल्या एका मावशींनी धरली, कारण आम्ही महिन्यातून एकदा आवाजांची अदलाबदल करून गातो आणि प्रत्येकाला मुख्य चाल येते. पहिला सूर स्वरपेटीवर घेतला. मेंढपाळाचं स्तोत्र नेहमीपेक्षा खाली लावलं. पालुपद दुसऱ्यांदा आलं तेव्हा पुढच्या बाकावरून काकूंचा आवाज आला, बारीक, पण सुरात. मग त्यांचा मुलगा, मग बाकीचे. पट्टी एका सुराने वर असती तर त्या गाऊ शकल्या नसत्या. त्या दिवशी आमच्या गाण्याबद्दल कुणी काही बोललं नाही. तसं बोलण्याचा तो प्रसंगही नव्हता.

म्हणून माझं मत असं झालं आहे, की तालमीचा हेतू सगळे हजर असताना सुंदर गाणं एवढाच ठेवू नये. निम्मे नसतानाही गाणं उभं राहिलं पाहिजे. कुणा एका चांगल्या आवाजावर चालणारं मंडळ तो आवाज परदेशी गेला की बंद पडतं, आणि आपल्याकडची मुलं परदेशी जाणारच. त्यासाठी आम्ही तीन गोष्टी नेमाने करतो. अंत्यविधीच्या गीतांचा एक ठरलेला संच महिन्यातून एकदा म्हणतो. सुरुवात करण्याची पाळी फिरती ठेवतो, अगदी सोळा वर्षांच्या मुलीलाही देतो. आणि कधी कधी मुद्दाम चौघांनाच उभं करून बाकीचे बाकावर बसतो. बाकावर बसून ऐकलं की आपल्या कॉयरबद्दल बरंच काही कळतं.

तुमच्यापैकी कुणी भजनात गात असेल, शाळेच्या समूहगीतात असेल, किंवा आपल्या मंडळाच्या गणेशोत्सवात आरत्या म्हणत असेल, तर यातली एखादी सवय महिनाभर करून बघा. सोपी हवी असेल तर शेवटाकडून बसवण्याची घ्या; तिचा फरक पहिल्याच दिवशी जाणवतो. आणि चर्चमध्ये गाणारे कुणी वाचत असतील तर आगमनकाळाचे चार रविवार आत्ताच कागदावर मांडून ठेवा. तालमीला येताना पेन्सिल आणा, पेन नको. श्वासाच्या खुणा बदलाव्या लागतात.