विश्लेषण : लाँग कोविड आणि मासिक पाळीचा काय संबंध?

कोविड बरा होऊन महिने उलटले तरी थकवा, धाप, विसराळूपणा राहिला, तर त्याला ‘लाँग कोविड’ म्हणतात. पुरुषांपेक्षा महिलांमध्ये तो जास्त आढळतो. तरीही तपासणीत पाळीचा प्रश्न अनेकदा राहूनच जातो.

एडिंबरा विद्यापीठाच्या संशोधकांनी ब्रिटनमधील १२ हजारांहून अधिक महिलांची माहिती तपासली. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, लाँग कोविड असलेल्या महिलांना पाळीत रक्तस्राव जास्त आणि अधिक दिवस होत असल्याचं दिसलं. पाळीच्या आसपास इतर लक्षणंही बळावत होती. अंडाशयाच्या कामात मात्र बिघाड आढळला नाही.

आपल्याकडे हे अधिक गंभीर आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ नुसार महाराष्ट्रात १५ ते ४९ वयोगटातील ५४ टक्के महिलांना रक्तक्षय आहे. रक्तस्राव वाढला की लोह घटतं आणि थकवा आणखी वाढतो.

म्हणूनच ‘अशक्तपणा आहे, आराम करा’ एवढ्यावर बोळवण नको. थकव्याची तक्रार आली, की डॉक्टरांनी पाळीबद्दल विचारावं, हिमोग्लोबिन आणि फेरिटिन तपासावं. तुम्हीही पाळीच्या तारखा, रक्तस्राव आणि थकवा मोबाइलमध्ये नोंदवा. दोन-तीन महिन्यांची नोंद दाखवलीत, तर तक्रार ‘मनाचे खेळ’ म्हणून उडवून लावणं कठीण जाईल.