डिकीचे माप आणि कराचे माप

सुरतेकडून नागपूरमार्गे रायपूरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग, पूर्वीचा सहावा आणि आताचा त्रेपन्नावा, गोंदिया जिल्ह्यातील देवरी या तालुक्याच्या गावावरून जातो. नागपूर आणि रायपूर यांच्या साधारण मध्यावर हे गाव असून पुढे थोड्याच अंतरावर छत्तीसगडची सीमा लागते. गावाला रेल्वे नाही. आगगाडी धरायची तर आमगाव गाठावे लागते. त्यामुळे आश्रमशाळेतील शिक्षक, प्रकल्प कार्यालयातील कारकून आणि महाविद्यालयात जाणारे विद्यार्थी या सर्वांचा भरवसा एस. टी.वर, काळीपिवळीवर किंवा स्वतःच्या मोटारसायकलीवर. सामान किती न्यायचे, ते कुठे ठेवायचे आणि त्यापायी किती मोजायचे, हा येथे रोजचाच प्रश्न आहे. म्हणूनच विजेवर चालणाऱ्या मोठ्या आलिशान मोटारींची लांबी, रुंदी आणि डिकी यांची जी चर्चा आजकाल शहरांतून चालते, ती देवरीच्या बसथांब्यावरून पाहिली तर निराळीच दिसू लागते.

उदाहरणादाखल एकच मोटार घ्यावी. मर्सिडीज-बेंझ कंपनीने ई.क्यू.एस. एस.यू.व्ही. ५८० ही विजेची मोटार सप्टेंबर २०२४ मध्ये भारतात विक्रीस आणली. तिची जुळणी पुण्याजवळ चाकण येथे होते. म्हणजे ती महाराष्ट्राचीच, असे म्हणता येईल. लांबी ५,१२५ मिलिमीटर, आरसे सोडून रुंदी १,९५९, उंची १,७१८ आणि दोन्ही आसांमधील अंतर ३,२१० मिलिमीटर. विद्युत्घट १२२ किलोवॉट-तासांचा. वजन पावणेतीन टनांच्या घरात. बाजारात आली त्या वेळची किंमत १ कोटी ४१ लाख रुपये. यंत्ररचनेच्या दृष्टीने ही मोटार उत्तम आहे, याविषयी वाद नाही. एकदा पूर्ण भारित केल्यावर ती ८०९ किलोमीटर जाते, असा चाचणीतील आकडा आहे. प्रत्यक्ष रस्त्यावर तो काहीसा कमी होणार हे धरून चालावे.

आता तिच्या डिकीकडे वळू. सातही आसने भरलेली असताना मागे उरते ती जागा १९५ लिटरांची. मागची आसने दुमडत गेले की ती वाढते आणि सगळी दुमडल्यावर दोन हजार लिटरांवर जाते. हे लिटरांचे माप देवरीकडील माणसाच्या ध्यानी चटकन येणार नाही. हा धानाचा मुलूख आहे आणि येथील हिशेब कट्ट्यांत चालतो. चाळीस किलोच्या एका कट्ट्यातील धानाला साधारणपणे सत्तर लिटर जागा लागते. या हिशेबाने सात माणसे बसलेल्या या सव्वापाच मीटरांच्या मोटारीत मागे धानाचे पुरते तीन कट्टेही मावणार नाहीत. सारी आसने दुमडली तर जागेच्या दृष्टीने तीसएक कट्टे बसतील खरे. परंतु ते वजन सव्वा टनाच्या आसपास जाते आणि एवढे ओझे या मोटारीच्या बनावटीत बसणारे नाही. लिटर हे आकारमानाचे माप आहे, वजनाचे नव्हे, हा साधा भेद जाहिरातीतील आकड्यांमागे झाकला जातो.

आणखी एक तुलना याहून बोलकी आहे. टाटा कंपनीची टियागो ही विजेची छोटी मोटार २०२२ मध्ये बाजारात आली. लांबी ३,७६९ मिलिमीटर, घट जास्तीत जास्त २४ किलोवॉट-तासांचा. आणि पाच आसने जागेवर ठेवून तिची डिकी २४० लिटरांची. म्हणजे सुमारे १,३५० मिलिमीटरनी लांब असलेल्या मोटारीत, सात माणसे बसवल्यावर, छोट्या मोटारीपेक्षा कमी सामान मावते! मोठ्या मोटारीत दोन माणसे अधिक बसतात, हे येथे सांगितलेच पाहिजे. पण मोठी मोटार म्हणजे मोठी सोय, हे समीकरण आपण समजतो तितके सरळ नाही. वाढलेल्या लांबीरुंदीचा बराचसा भाग ऐसपैस आसने, जाड गाद्या आणि जमिनीखाली अंथरलेला प्रचंड घट यांतच खर्ची पडतो. शहरांत मोटार उभी करण्याची जागा बहुधा अडीच मीटर रुंद आणि पाच मीटर लांब आखलेली असते. ही मोटार त्या रेघेबाहेर साडेबारा सेंटिमीटर येणार, हे ठरलेलेच.

ज्याला परवडते त्याने मोठी मोटार घ्यावी; त्यात इतरांनी नाक मुरडण्याचे कारण नाही. प्रश्न उभा राहतो तो सरकारी तिजोरीपाशी. आपल्या देशात मोटारीची लांबी हा कराचा विषय आहे. २००६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पापासून चार मीटरांच्या आतील छोट्या इंजिनाच्या मोटारीवर कमी कर आणि त्याहून मोठ्या मोटारीवर जास्त कर, अशी रेघ ओढण्यात आली. वस्तू व सेवा करातही ती कायम राहिली. २२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या दरांनुसार चार मीटरांच्या आतील छोट्या पेट्रोल मोटारीवर १८ टक्के आणि मोठ्या मोटारीवर ४० टक्के कर आहे. विजेच्या मोटारीला मात्र ही मोजपट्टी लागतच नाही. २०१९ च्या ऑगस्टपासून तिच्यावर सरसकट ५ टक्के कर आहे, मग ती पावणेचार मीटरांची असो की सव्वापाच मीटरांची. आठ लाखांची असो की दीड कोटीची.

याचा परिणाम आकड्यांतच पाहावा. १ कोटी ४१ लाखांच्या मोटारीवर ५ टक्क्यांनी येणारा कर पावणेसात लाखांच्या आतबाहेर होतो. तेवढ्याच मूळ किमतीच्या मोठ्या पेट्रोल मोटारीवर तो ५३ लाखांहून अधिक झाला असता. एका मोटारीमागे सुमारे ४७ लाख रुपयांचा फरक! देवरीच्या शिक्षकाने शाळेत जाण्यासाठी साधी पेट्रोलची मोटारसायकल घेतली, तर तिच्यावर १८ टक्के कर आहे. त्याच्या मुलीसाठी सायकल घेतली, तर ५ टक्के. सायकल आणि दीड कोटीची आलिशान मोटार एकाच दरात बसविणारी ही व्यवस्था कोणत्या न्यायाने समर्थनीय ठरते, हे कोणी तरी सांगावयास हवे.

राज्य शासनाची भूमिका याहून वेगळी नाही. मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात तत्कालीन अर्थमंत्री अजित पवार यांनी तीस लाखांहून महाग अशा विजेच्या मोटारींवर ६ टक्के मोटार वाहन कर सुचविला होता. महिना संपण्यापूर्वीच मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी तो मागे घेत असल्याचे विधिमंडळात जाहीर केले. त्यातून उत्पन्न फारसे मिळणार नाही आणि विजेच्या वाहनांविषयी चुकीचा संदेश जाईल, असे कारण देण्यात आले. पुढे त्याच वर्षीच्या विद्युत वाहन धोरणात समृद्धी महामार्ग, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि अटल सेतू येथे विजेच्या मोटारींना व बसगाड्यांना पथकर माफ करण्यात आला. येथेही सव्वापाच मीटर आणि पावणेचार मीटर यांत भेद नाही.

याच २०२५ सालच्या जानेवारीत एस. टी.चे भाडे १४.९५ टक्क्यांनी वाढले. त्यात भर म्हणजे एस. टी.च्या प्रवासी भाड्यावर शासन वर्षानुवर्षे साडेसतरा टक्के प्रवासी कर घेत आले आहे. महिलांना अर्ध्या भाड्याची आणि ७५ वर्षांवरील वृद्धांना मोफत प्रवासाची सवलत आहे, ती स्वागतार्हच. परंतु चिचगडहून देवरीला आणि देवरीहून पुढे जाणारा साधा प्रवासी बसच्या प्रवासावर कर भरतो आणि दीड कोटीच्या मोटारीचा धनी वाहन करातून व पथकरातून मोकळा सुटतो, हे चित्र त्यामुळे पुसले जात नाही.

सवलतीच्या बाजूने मांडला जाणारा युक्तिवाद पोकळ नाही. नवे तंत्र प्रथम श्रीमंतांच्या हाती येते, त्यांच्या पैशातून कारखाने उभे राहतात, भारण केंद्रे निघतात आणि कालांतराने किमती उतरून ते सामान्यांच्या आवाक्यात येते, असे म्हटले जाते. काही अंशी ते खरेही आहे. परंतु या देशात विजेच्या वाहनांचा खरा प्रसार झाला तो दुचाकींतून आणि तीनचाकी रिक्षांतून. आलिशान मोटारींतून नव्हे. शिवाय दीड कोटी मोजणारा ग्राहक सहा टक्क्यांच्या करापायी, म्हणजे साडेआठ लाखांपायी, मोटार घेण्याचे रद्द करील, ही कल्पनाच विनोदी आहे. उत्पन्न थोडे म्हणून कर नको, हे कारणही टिकत नाही. अशा मोटारी थोड्या असतील तर कराने कोणाचे फारसे बिघडणार नाही. पुष्कळ असतील तर उत्पन्नही पुष्कळ होईल.

धूर निघत नाही, हा मुद्दा उरतो. पण वीज कोठून येते? याच गोंदिया जिल्ह्यात तिरोडा येथे ३,३०० मेगावॉटचे औष्णिक वीज केंद्र कोळशावर चालते. चाचणीतील आकड्यांप्रमाणे ती मोठी मोटार किलोमीटरमागे जेवढी वीज खाते, तिच्या निम्म्यात टियागो चालते. म्हणजे धुराचा प्रश्नही अखेर मोटारीच्या आकाराशी आणि वजनाशीच येऊन ठेपतो. रस्त्याची झीज करणारी खरी वाहने म्हणजे या महामार्गावरून रात्रंदिवस धावणारे भरलेले ट्रक. त्यांच्यापुढे कोणतीही मोटार हलकीच. तेव्हा तो आक्षेप येथे घेण्याचे प्रयोजन नाही.

विजेच्या वाहनांना उत्तेजन देऊनही त्यांच्या आकाराचे माप काढता येते, हे इतरत्र दिसून आले आहे. नॉर्वेइतके या वाहनांना डोक्यावर घेणारे राष्ट्र दुसरे नसेल. तेथेही २०२३ च्या जानेवारीत ५ लाख क्रोनरांपर्यंतच्या किमतीलाच मूल्यवर्धित कराची माफी राखून वरच्या रकमेवर २५ टक्के कर बसविला गेला आणि त्याच वेळी वजनावर आधारलेला कर विजेच्या मोटारींनाही लागू झाला. पॅरिसमध्ये फेब्रुवारी २०२४ मध्ये नागरिकांचा कौल घेण्यात आला. त्यानुसार ऑक्टोबरपासून बाहेरून येणाऱ्या जड मोटारींना शहराच्या मध्यभागी उभे राहण्यासाठी तासाला ६ ऐवजी १८ युरो मोजावे लागू लागले. मतदानास आलेले लोक थोडे होते, हे खरे. तरी त्या नियमात विजेच्या मोटारींना सरसकट सूट नाही; दोन टनांहून जड असेल तर तिलाही तोच दर.

रस्त्यावरील जागेचा हिशेब मांडला तर तीन मोठ्या आलिशान मोटारी मिळून जेवढी जमीन व्यापतात, तेवढी बारा मीटरांची एक बस व्यापते. त्या तिघींच्या घटांची बेरीज ३६६ किलोवॉट-तास होते. एस. टी.ची ‘शिवाई’ ही विजेची बस जून २०२२ मध्ये पुणे-अहमदनगर मार्गावर प्रथम धावली, तिचा घट याहून लहान असून तीत चाळीसहून अधिक प्रवासी बसतात. पुढे ५,१५० विजेच्या बसगाड्या भाडेतत्त्वावर घेण्याचा करार झाला. पुरवठा मात्र ठरल्या वेळी होऊ शकला नाही. मोटारींना माफ केलेला पैसा या बसगाड्यांकडे, त्यांच्या भारण केंद्रांकडे आणि प्रवासी कर उतरविण्याकडे वळविता येण्यासारखा आहे.

त्यासाठी नवा कायदा शोधून काढण्याची गरज नाही. चार मीटरांची रेघ २००६ पासून तयार आहे. वस्तू व सेवा कर परिषदेने ती विजेच्या मोटारींनाही लावावी आणि पाच टक्क्यांचा दर छोट्या मोटारी, दुचाकी, रिक्षा व बस यांच्यापुरता राखावा. राज्याने तीस लाखांवरील मोटारींचा मागे घेतलेला ६ टक्के कर पुढील अर्थसंकल्पात पुन्हा मांडावा, आणि त्याच भाषणात एस. टी.च्या भाड्यावरील साडेसतरा टक्के किती उतरणार तेही सांगावे.