कार्डाची निर्यात आणि ज्ञानाची मालकी

वडवणी तालुक्यातील ऊसतोड मजुराच्या घरी २०१४ च्या जनधन योजनेने रुपे कार्ड पोहोचविले. उचल मात्र त्याला मुकादमाच्या हातूनच घ्यावी लागते. तेच कार्ड आता परदेशी निघाले आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनच्या आंतरराष्ट्रीय कंपनीने संयुक्त अरब अमिरातीला त्यांचे स्वतःचे राष्ट्रीय कार्ड उभारून देण्याचा करार केला. पाश्चात्त्य कंपन्यांच्या मक्तेदारीला पडलेली ही चीर स्वागतार्ह आहे. प्रश्न उरतो तो या ज्ञानावर मालकी कोणाची, हा.

यंत्राजवळ नुसते धरताच पैसे चुकते करणाऱ्या चिपकार्डाचा इतिहास मालकीच्या भांडणांनी भरलेला आहे. २००८ साली नेदरलँड्समधील एनएक्सपी कंपनीने आपल्या कार्डातील दोष उघड करणाऱ्या विद्यापीठालाच न्यायालयात खेचले. न्यायालयाने संशोधनाच्या प्रकाशनावर बंदी घालण्यास नकार दिला. २०१८ मध्ये मास्टरकार्डने आणि पुढे व्हिसानेही, भारत सरकार रुपेची पाठराखण करते, अशी तक्रार अमेरिकी सरकारकडे नेली. खुल्या स्पर्धेचा जप करणाऱ्या भांडवलाला स्पर्धक उभा राहताच सरकारचा आधार लागतो, तो असा!

परंतु परक्यांच्या मक्तेदारीला नाव ठेवून आपली मक्तेदारी उभारणे हा समाजवाद नव्हे. रुपे ही कोणा उद्योगपतीची कमाई नाही. २००८ मध्ये रिझर्व्ह बँक व बँकांच्या संघटनेच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या या ना-नफा संस्थेच्या दहा मूळ प्रवर्तक बँकांपैकी सहा सार्वजनिक क्षेत्रातील होत्या. जानेवारी २०२० पासून रुपे डेबिट कार्डावरील व्यापारी शुल्क रद्द झाले; तो भार बँकांनी व सरकारी तिजोरीने वाहिला. जनतेच्या पैशातून उभे राहिलेले ज्ञान जनतेचेच होय.

१९७० च्या पेटंट कायद्याने औषधाच्या पदार्थावर मक्तेदारी नाकारली, म्हणून गरिबाला गोळी परवडली. तीच दृष्टी येथेही हवी. निर्यातीच्या करारांच्या अटी संसदेपुढे याव्यात. तंत्र घेणाऱ्या देशाला ते समजून घेण्याची व बदलण्याची मोकळीक असावी. आणि मिळकतीचा वाटा ग्रामीण बँकसेवेवर खर्च व्हावा. मजुराची उचल त्याच्या खात्यात, लेखी हिशेबासह जमा होईल, तेव्हाच वडवणीच्या घरातील कार्डाला अर्थ येईल. ही मागणी गावोगाव नेणे हे कार्यकर्त्यांचे काम आहे.