दार ठोठावणारी मुलगी

मागच्या सुट्टीत भाच्याच्या आग्रहाने जॉन कारपेंटर यांचा १९७८ सालचा 'हॅलोविन' पाहिला. चित्रपट सुरू होण्याआधीच त्याने नियम सांगितला, "खाला, यात वाह्यात मुली मरतात, सालस मुलगी वाचते."

या प्रकाराला स्लॅशर म्हणतात. मुखवटा घातलेला खुनी, हातात सुरा, एकेक करून मरणारी तरुण मुले आणि शेवटी उरणारी एक मुलगी. हिचकॉक यांच्या 'सायको'त (१९६०) याचे बीज होते, 'हॅलोविन'ने साचा पक्का केला आणि 'फ्रायडे द थर्टीन्थ'पासून (१९८०) तशा चित्रपटांची रांगच लागली. शेवटी उरणाऱ्या मुलीला अभ्यासक कॅरल क्लोव्हर यांनी 'फायनल गर्ल' हे नाव दिले. १९९६च्या 'स्क्रीम'मध्ये तर पात्रेच हे नियम मोठ्याने सांगतात.

पण 'हॅलोविन'मधली लॉरी मला वेगळी दिसली. ती काही फार सोवळी नाही, मैत्रिणीच्या गाडीत गांजा ओढते. ती वाचते, कारण ती बघते. वर्गाच्या खिडकीतून, कुंपणाआडून पाहणारा माणूस तिला दिसतो. मैत्रीण मात्र तिची थट्टा करते. रात्री जीव मुठीत धरून ती शेजाऱ्यांचे दार ठोठावते. आत दिवा लागतो, कोणीतरी डोकावते आणि दिवा विझतो.

त्या विझलेल्या दिव्याने मला झोपू दिले नाही. काही वर्षांपूर्वी नववीतली एक मुलगी मला म्हणाली होती, "मॅडम, एक जण रोज मागे येतो." मी म्हणाले, "नजर खाली ठेवून चालत जा, ओढणी नीट घे." पुढच्या महिन्यापासून ती शाळेत आलीच नाही. घरच्यांनीच तिला बसवली, असे नंतर कळले.

मीही भाच्याचाच नियम पाळला होता. सालस राहा, वाचशील. आपल्या मोहल्ल्यात काय आणि इतरांच्या गल्लीत काय, मुलीवर काही बेतले की पहिला प्रश्न तिच्या कपड्यांचा आणि वेळेचा असतो. कुरआनात नजर खाली ठेवण्याचा हुकूम आधी पुरुषांना आहे, मग स्त्रियांना. मी मात्र तो एका चौदा वर्षांच्या मुलीलाच ऐकवला.

आता वर्गात मुलींना सांगते, नजर वर ठेवा, काय दिसले ते सांगा. पण त्यांनी सांगितल्यावर दिवा लावून दार उघडायचे काम आपले आहे.